भोंगा आणि चकलीचा डबा

"त्याचं ताट पण देऊ का?" मी विचारलं.

अण्णा दाराशी उकिडवे बसून भोंग्याच्या गळ्यातला पट्टा नीट करत होते. वर न बघताच म्हणाले, "दे की. परक्या घरी आपलं ताट असलं तर जेवेल नीट."

"तो कुठल्याही ताटात जेवतो, अण्णा. ताट नसलं तर फरशीवर जेवतो."

"मग विचारतेस कशाला?"

विचारत होते, कारण कुणीतरी "राहू दे, नाही जायचा तो" असं म्हणेल अशी मला वेडी आशा होती. पण अण्णा पट्ट्यात बोट घालून तो गळ्याला काचत नाही ना हे बघत बसले. स्वयंपाकघरातून भाजणीचा वास येत होता. तिकडे मालूआत्या आणि आई चकलीच्या तयारीला लागल्या होत्या, आणि तिकडूनही कुणी काही बोललं नाही. मी ताट धुतलं, पुसलं आणि पिशवीत घातलं.

भोंगा म्हणजे आमचं कुत्रं. बीगल जातीचं. लांब लोंबते कान, पाठ काळी, पोट पांढरं, बाकीचं अंग खारकेच्या रंगाचं आणि शेपटीचं टोक असं पांढरं की गवतात शिरला तरी तेवढं टोक हलताना दिसायचं. माझ्या दादानं, पुष्करनं, त्याला आणलं तेव्हा तो दोन तळहातांवर मावत होता. पहिल्याच संध्याकाळी त्यानं मान वर करून जो सूर लावला, तो ऐकून अण्णा म्हणाले, "पुष्कऱ्या, हे कुत्रं आहे का गिरणीचा भोंगा?" झालं. तेच नाव चिकटलं.

दादा त्याची बाजू घ्यायचा. "अण्णा, ही वासावर चालणारी जात. मूळची ससे हुडकायला पाळलेली. वास सापडला की हे ओरडतात. मागून येणाऱ्याला कळावं ना, इकडं या, सापडलं म्हणून."

"आपल्याकडं कुठले ससे?"

"आई शेंगदाण्याची चटणी करते की."

आणि खरंच, चटणी कुठल्याही बरणीत ठेवली तरी भोंगा तिच्यासमोर जाऊन बसायचा. फिरायला नेलं की नाक रस्त्याला टेकलेलं. मान म्हणून वर नाही. मिरजेतली पोरं विचारायची, "ताई, याचं काय हरवलंय?" वासाच्या मागं लागला की हाक ऐकायची नाही, पट्टा ओढून खांदा निखळायची वेळ यायची. दादाच्या एका शिट्टीला मात्र तो थांबायचा. दुसऱ्या कुणाची शिट्टी त्यानं कधी मोजली नाही.

त्या सकाळच्या आदल्या वर्षी भाद्रपदात कंपनीतून घरी येताना दादाचा अपघात झाला आणि दादा गेला. याहून जास्त मला आजही लिहवत नाही.

दिवसकार्य झालं तेव्हा मालूआत्यानंच कंबर कसली होती. मालूआत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, इस्लामपूरची. घरात मोठं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळं काय करायचं आणि काय नाही हे तीच सांगायची. "गेलेल्याचं अंगावरचं काही घरात ठेवायचं नाही. त्याचा पाय निघत नाही मग," असं म्हणून तिनं दादाचे सगळे कपडे बाहेर काढले. शर्ट, पँटी, स्वेटर, पायमोजे, गादी, उशीचा अभ्रा. सगळ्याची गाठोडी बांधून रिक्षात घातली. आई भिंतीला टेकून बसली होती. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. भोंगा त्या रिक्षामागं गल्लीच्या टोकापर्यंत धावत गेला आणि मग परत येऊन दादाच्या रिकाम्या कॉटखाली जाऊन पडला.

त्या दिवाळीला अर्थातच आमच्याकडं कढई चढली नाही. नातेवाइकांकडून डबे आले, तेही तसेच पडून राहिले. आणि मग कधीतरी भोंग्याचं दुपारचं ओरडणं सुरू झालं.

मी कॉलेजला, अण्णा दुकानात. अण्णांचं चष्म्याचं दुकान होतं, ते दुपारी जेवायलासुद्धा यायचे नाहीत. घरात आई आणि भोंगा दोघंच. आणि दुपारी, सगळी इमारत जेवून आडवी झाली की भोंगा मान वर करून एकदाच काय तो टाहो फोडायचा. लांबलचक, चढत जाणारा. मग गप्प. रोज. खाली घाणेकर काकूंची लेक बाळंतपणाला आली ती माहेरीच राहिली होती. तिचं तान्हं बाळ त्या आवाजानं दचकून उठायचं आणि संध्याकाळपर्यंत किरकिर करायचं. घाणेकर काकू बिचाऱ्या भांडखोर नव्हत्या. दोनतीनदा हसत सांगितलं. मग न हसता सांगितलं. मग एकदा डोळ्यांत पाणी आणून सांगितलं.

अण्णांनी आईला विचारलं, "दुपारी नेमकं होतं तरी काय याला?"

"मला काय माहीत? मी पडलेली असते."

"कुठं बसून ओरडतो?"

"स्वयंपाकघरात."

"मग खाण्यापायीच. तो वरच्या फळीकडं बघत असतो, मी बघितलंय. चकलीचा डबा आहे ना तिथं, पुष्कऱ्या त्याला चोरून द्यायचा की नाही. आठवण आहे त्या हावरटाला."

"असेल," आई म्हणाली.

अण्णांनी सगळे उपाय केले. दुपारी दूध-चपाती वाढून बघितली. हाड आणून बघितलं, तेही आमच्या घरात, जिथं अंडंसुद्धा यायचं नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून रेडिओ लावून ठेवला. भोंगा सगळं खायचा, रेडिओ ऐकायचा आणि वेळ झाली की ओरडायचा. शेवटी अण्णा म्हणाले, "देऊन टाकू त्याला. झांबरे मागतायत."

मला वाटलं, आता आई उसळेल. दादाचं कुत्रं. दादाची एवढी एकच वस्तू घरात उरली होती, तीही चार पायांवर चालणारी म्हणून. पण आई तांदूळ निवडत होती ती निवडतच म्हणाली, "द्या देऊन."

मी तिच्याशी बोलणंच टाकलं. कामापुरतं हो-नाही, बस. मला तिचा असा राग आला होता की तिच्या हातचा चहासुद्धा नको वाटायचा. पोटच्या पोराचं कुत्रं, आणि ही तांदूळ निवडते.

तर ही दिवाळीआधीची सकाळ. वर्ष सरलं होतं, वर्षश्राद्ध झालं होतं. "आता सण सोडायचा नाही," असं ठरवून मालूआत्या फराळाला म्हणून आली होती, आणि त्याच दिवशी झांबरे त्यांची जीप घेऊन भोंग्याला न्यायला येणार होते.

झांबरे आले. कवठेमहांकाळकडचे द्राक्षबागायतदार, अण्णांचं जुनं गिऱ्हाईक. धिप्पाड माणूस, आवाज मात्र हळू. खुर्चीत टेकले आणि भोंग्याच्या कानामागं खाजवत म्हणाले, "मळ्यात किती ओरडायचं ते ओरडू दे त्याला. ऐकायला आम्ही आणि द्राक्षं. ताई, तुम्ही येत जा बघायला."

मी मान डोलावली. बोलले असते तर रडले असते. भोंग्याचा पट्टा झांबऱ्यांच्या हातात गेला होता आणि तो गाढव त्यांच्या चपला हुंगत शेपटी हलवत होता.

तेवढ्यात आतून मालूआत्याचा आवाज आला. "शालन, तो मोठा डबा काढ गं. पहिला घाणा निघेल आता."

"तो नको, वन्सं," आई म्हणाली. "पितळेचा घेऊ."

"पितळेच्या डब्यात चकल्या मऊ पडतात. तो घट्ट झाकणाचा कुठं गेला?"

"त्याचं झाकण बसत नाही नीट."

"बसत नाही? मीच दिलेला डबा तो, तुझ्या मंगळागौरीला. त्याचं झाकण उघडायला दोन माणसं लागतात. थांब, मीच काढते."

"वन्सं, नको म्हणते ना मी."

आईचा आवाज असा चढलेला मी वर्षभरात ऐकला नव्हता. मी आत गेले. आत्या स्टुलावर चढली होती, डबा तिच्या हातात होता आणि आई खालून दोन्ही हात वर करून उभी होती, मूल पडेल म्हणून धरायला उभं राहावं तशी.

"अगं, हलका आहे की. रिकामाच तर आहे," म्हणत आत्या खाली उतरली, डबा पोटाशी धरला आणि झाकणाला हिसका दिला. झाकण सुटलं.

बाहेरच्या खोलीत भोंग्यानं टाहो फोडला. झांबऱ्यांच्या हातातून पट्टा सुटला, खुर्ची सरकली, आणि तो पट्टा फरपटत, भाजणीच्या परातीतून पाय घालत स्वयंपाकघरात शिरला. आत्याच्या पुढ्यात बसला. नाक डब्याकडं, मान वर. पुन्हा तोच सूर. मग एकदम गप्प. शेपटी तेवढी फरशीवर आपटत होती.

आत्या डब्यात बघत होती. अण्णा, मागून झांबरे, सगळे दारात गोळा झाले. आत्यानं आत हात घातला आणि तो तसाच थांबला.

डब्यात शर्ट होता. दादाचा, निळ्या चौकड्यांचा. कॉलर मळलेली, बाह्या दुमडलेल्या, कुणीतरी आत्ताच अंगातून काढून टाकावा तसा.

"शालन," आत्या म्हणाली, "अगं, हा कुठनं आला?"

आईनं तिच्या हातातून डबा घेतला. शर्टाला हात लावला नाही. झाकण लावलं, डबा ओट्यावर ठेवला आणि पदरानं हात पुसत राहिली.

"धुण्याच्या बादलीत होता," ती म्हणाली. "आदल्या दिवशी घातलेला. भिजवायचा राहिला होता. तुम्ही गाठोडी बांधत होता तेव्हा मी बादलीतनं काढला आणि इथं दडवला. सण होणार नव्हता, डब्याला कुणी हात लावणार नव्हतं. चोरलाच म्हणा मी तो."

मला वाटलं, आता आत्या गेलेल्याचा पाय निघत नाही म्हणेल. पण ती स्टुलावर बसली.

अण्णा पुढं झाले. "म्हणजे दुपारी..."

"दुपारी मी उघडते. सगळे गेले की. जरा वास घेते आणि परत लावते. हा येऊन बसतो शेजारी. याला कळतं."

"मग म्हणून ओरडतो होय हा. अगं, मला सांगायचंस तरी. मी त्याच्यापुढं हाडं टाकत बसलो वेड्यासारखा."

"काय सांगायचं?"

अण्णांनी डबा जवळ ओढला, झाकण उघडलं आणि खाली वाकून वास घेतला. बराच वेळ. मान वर केली तेव्हा त्यांचा चष्मा धुरकटला होता. "येतो की," ते म्हणाले. "पुष्कऱ्याचाच. त्याच्या डोक्याच्या तेलाचा."

"पुष्कर तेल लावत नव्हता हो," आई म्हणाली.

कढईतलं तेल तापून धूर यायला लागला होता. मी जाऊन गॅस बंद केला.

"नाही येत वास," आई म्हणाली. अगदी शांतपणानं, भाजीत मीठ नाही असं सांगावं तसं. "उगीच खोटं बोलू नका. गुढीपाडव्यापर्यंत येत होता. मग कमी कमी होत गेला. आता मला नुसता डब्याचा येतो. सगळं नाक आत घालते, डोळे मिटते, तरी डब्याचा. मला वाटलं, गेला. तेवढ्यात हा आला, डब्यात तोंड घातलं आणि ओरडला. तेव्हा कळलं, आहे. मला येत नाही, पण आहे. त्या दिवसापासनं मी माझ्यासाठी उघडत नाही डबा. याच्यापुढं धरते. हा ओरडला की बंद करते. पुष्करच म्हणायचा ना, सापडलं की ओरडतात म्हणून."

मी तिथंच भाजणीच्या परातीशेजारी बसले. "मग द्या देऊन कशाला म्हणालीस?" मी विचारलं.

"खालचं बाळ उठतं, मिनू. त्याची आई रोज दुपारी त्याला खांद्यावर घेऊन फिरते, मला वर त्याची किरकिर ऐकू येते. दुसरीचं लेकरू रडवून मी माझं किती दिवस हुंगत बसू?"

भोंगा उठला, परातीतली भाजणी चाटली, शिंकला आणि आईच्या पायावर बूड टेकून बसला. आईनं त्याच्याकडं बघितलंही नाही. झांबऱ्यांना म्हणाली, "न्या तुम्ही. पिशवीत त्याचं ताट आहे."

झांबरे दारात डोकं खाली घालून उभे होते. ते आत आले, एवढा मोठा माणूस गुडघ्यावर बसला, भोंग्याच्या गळ्यातला पट्टा सोडला आणि त्याची गुंडाळी करून ओट्यावर ठेवली. "वहिनी, मी चहा घेऊन निघतो," ते म्हणाले. "कुत्रं त्याच्या जागेवर आहे."

"अहो, पण ते बाळ..."

"त्या घाणेकरीणबाईंशी मी बोलते," मालूआत्या म्हणाली. एवढा वेळ ती स्टुलावर बसूनच होती. "लेकरू जागं असतं तेव्हा उघडायचा डबा. दुपारीच हवा असं काही आहे का? संध्याकाळी उघड. सगळे असताना उघड, चोरून कशाला." मग ती उठली, अण्णांनी उघडा टाकलेला डबा तिनं बघितला, आणि झाकण दोन्ही हातांनी दाबून बसवलं. "आणि हे असं उघडं टाकू नका रे. उडून जाईल उरलंसुरलं."

गाठोडी बांधणारी माझी हीच आत्या. तिनं डबा स्वतः स्टुलावर चढून परत वरच्या फळीवर ठेवला, आणि त्या वर्षी चकल्या पितळेच्या डब्यात भरल्या. मऊ पडल्या. कुणी तक्रार केली नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी, दिवा लावून झाला की आई डबा खाली काढायची. भोंगा धावत यायचा. नाक, मान, टाहो. अण्णा दुकानातून आलेले असले तर पेपर बाजूला ठेवायचे. खाली घाणेकर काकू त्यांच्या नातवाला म्हणायच्या, "भोंगा झाला, चला, हातपाय धुवा." ते बाळ तेवढ्यावर वेळ ओळखायला शिकलं.

वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी कोल्हापूरला आले. भोंग्याचं तोंड पांढरं झालं, जिना चढताना तो मध्येच बसायला लागला. एकदा दिवाळीआधी माहेरी गेले तर आई दारातच म्हणाली, "बरं झालं आलीस. याला डॉक्टरकडं न्यायचंय. नाक गेलंय त्याचं."

"कशावरनं?"

"ओरडत नाही."

संध्याकाळी तिनं मला दाखवलं. डबा उघडला. भोंगा सावकाश आला, आत तोंड घातलं, हुंगलं. आईच्या तोंडाकडं बघितलं. पुन्हा हुंगलं. मग तो तिच्या मांडीवर हनुवटी टेकून पडून राहिला.

"बघ," आई म्हणाली. "म्हातारपण. नाकच बसलं बिचाऱ्याचं. औषध असेल की काहीतरी."

डॉक्टर भले होते. त्यांनी भोंग्याचे डोळे, दात, छाती सगळं तपासलं. आई सारखी म्हणत होती, "नाक बघा, डॉक्टर. नाकाचंच आहे." शेवटी त्यांनी खिशातून खारे शेंगदाणे काढले, पाठीमागं हात नेऊन एका मुठीत दडवले आणि दोन्ही मुठी पुढं धरल्या. भोंग्यानं बरोबर मुठीला नाक लावलं. त्यांनी हात बदलला. पुन्हा बरोबर. मग एक दाणा माझ्या हातात देऊन मला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं. मी व्हरांड्यात दाणा मुठीत धरून उभी होते, आणि मनातल्या मनात म्हणत होते, ओरडू नकोस, राजा, एवढं एकदा ओरडू नकोस. आतून त्याचा टाहो आला. लांबलचक, चढत जाणारा, तरणा असताना काढायचा तसाच.

मी दार उघडलं. डॉक्टर हसत होते. "वहिनी, गुडघे गेलेत त्याचे, पण नाक अव्वल आहे. काळजी सोडा."

आई "बरं" म्हणाली. पर्समधून त्यांची फी काढून दिली. येताना रिक्षात भोंगा तिच्या मांडीवर होता आणि ती त्याच्या कानाच्या पाळीवरून अंगठा फिरवत होती. मी काही बोलायला गेले तर तिनं नुसता माझा हात दाबला.

घरी आल्यावर तिनं साडीसुद्धा बदलली नाही. स्टूल ओढलं, डबा काढला, शर्ट बाहेर घेतला. बादलीत पाणी भरलं. शर्ट पाण्यावर धरून जरा थांबली, मग सोडला. बाह्या उलगडल्या. कॉलर दोन बोटांत धरून हळूहळू चोळली, दादा शाळेत असताना चोळायची तशी. भोंगा मोरीच्या उंबऱ्यावर बसून बघत होता.

शर्ट दोरीवर टाकून, चिमटे लावून ती आत आली. "मिनू," ती म्हणाली, "तो डबा घासून उन्हात ठेव. भाजणी दळून आणलीय. यंदा चकल्या त्याच डब्यात भरू."